मेणाचं बाळ

“मुलगा का मुलगी?” गाळ्यावरच्या आजी विचारतात आणि उत्तराची वाट न बघता दोन्ही बाळं फळीवर ठेवतात. मेणाची, पिवळट पांढरी, गुडघ्यात किंचित वाकलेली. दोघांतला फरक इतका थोडा की हातात घेऊन निरखावं लागतं. आजींच्या मागे लाकडी मांडणीवर माणसाचं शरीर सुटं सुटं लावलेलं आहे: हात, पाय, डोळे, पोट, हृदय. खालच्या फळीवर कौलारू घर, मोटार, विमान, पुस्तक. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं आहे ते मेणात घ्यायचं आणि वर माउलीच्या पायाशी ठेवायचं, अशी इथली रीत.

सप्टेंबर २०२५, बांद्र्याच्या जत्रेचा पहिला रविवार. नऊ दिवसांची नोव्हेना झाली, ८ तारखेला मरियामातेच्या जन्माचा सण झाला. सणानंतरच्या रविवारपासून आठवडाभर या टेकडीचा उतार माणसांनी भरलेला असतो. पावसाची भुरभुर आहे. खाजा, चणे आणि कडियो-बोडियोच्या राशींवर प्लास्टिक ओढलंय. त्यावर साचलेलं पाणी गाळेवाले हातानंच सारतात. कोळणी, आगरी, ईस्ट इंडियन, गोंयकार, तमिळ कुटुंबं, डोक्यावर पदर घेतलेल्या गुजराती बायका एकाच वाटेनं वर सरकतायत. कोळ्यांची ही मोत माउली. तिच्याकडे जाताना बाप्तिस्म्याचा दाखला कुणी मागत नाही.

ताई मुलीचं बाळ उचलते. मोरपंखी साडी, केसांत अबोली, खांद्याला कापडी पिशवी. कुर्ल्यात शिवणकाम करते. तिला सगळे ताईच म्हणतात. जन्मल्यावर घरच्यांनी तिला मुलगा म्हटलं होतं आणि चर्चच्या नोंदवहीत आजही तेच आहे.

“मुलगी,” ती म्हणते. “झालेली आहे, आजी. माझ्या धाकट्या बहिणीची. बाप्तिस्मा आहे तिचा.”

“तू कोण तिची?”

“मावशी.” पैसे मोजता मोजता ती थांबते. “धर्ममाता पण व्हायचंय.”

आजी मान वर करून तिच्याकडे बघतात. चेहरा, गळा, मनगटं, पुन्हा चेहरा. जत्रेत इतकी वर्षं बसलेल्या बाईला काय कळायचं राहतं? मग त्या जुडीतून दोन लांब मेणबत्त्या ओढतात आणि बाळाशेजारी ठेवतात. “नुसतं बाळ ठेवू नये, बाय. उजेड पण दे तिला.”

ताई दोन्ही घेते.

ताई आणि तिच्यासोबतची ही माणसं दर वर्षी जत्रेला एकत्र येतात आणि संध्याकाळी त्यांच्यातल्या एकाच्या घरी प्रार्थनेला बसतात. मला त्यांनी बोलावलं ते नावं लिहायची नाहीत या अटीवर, आणि ती अट मला पूर्ण मान्य आहे. मी वसईची, याच धर्मात वाढलेली. आमच्याकडे मिस्साला कोण आलं नाही याची चर्चा दुपारपर्यंत गावभर होते. अशा गावात आपलं प्रेम लपवून वाढणं म्हणजे काय असतं ते मी जवळून पाहिलेलं आहे. म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. समलिंगी किंवा ट्रान्स ख्रिस्ती माणूस म्हटला की आपण ताबडतोब विचारतो, चर्च यांना कधी स्वीकारणार? प्रश्न खरा आहे. पण त्या प्रश्नात ही माणसं दाराबाहेर ताटकळलेली दिसतात, आणि मला समोर दिसतं ते वेगळंच. ती आतच आहेत. उपास धरतात, नोव्हेना करतात, आजाऱ्याला भेटतात, गायनवृंदात दुसरा सूर सांभाळतात. त्यांची श्रद्धा कामाला लागलेली आहे.

वसईची शिक्षिका आणि तिची जोडीदार नर्स अजून गाळ्याशीच. त्यांना घर हवंय. शिक्षिका एक घर उचलते, उलटं करून बघते, खाली ठेवते, दुसरं घेते. नर्स म्हणते, “अगं, मेणाचंच आहे. त्यात कशाला गॅलरी बघतेस?” दोघी हसतात. पण खरं घर त्यांना खरोखरच हवंय. भाड्याच्या घरात मालकाला त्या मावसबहिणी म्हणून माहीत आहेत. नालासोपाऱ्यात एक खोली आणि स्वयंपाकघर एवढं पाहून ठेवलंय. दोघींच्या नावे संयुक्त बँक खातं उघडायला हरकत नाही, असं केंद्र सरकारनं २०२४ च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं आणि ते त्यांनी लगेच उघडलंही. गृहकर्जाच्या अर्जावर मात्र ‘अर्जदारांचं आपसातलं नातं’ असा रकाना येतो. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिल्यामुळे त्या रकान्यात लिहायला त्यांच्याकडे कायद्यानं मान्य असा शब्द नाही. म्हणून मेणाचं घर.

“आमचा एक नवस तिनं फेडून घेतलेला आहे,” शिक्षिका चालता चालता सांगते. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा जिवंत केलं. दोघींची ओळख तेव्हा नवी होती. त्या आठवड्यात त्या इथं आल्या आणि बोलल्या, हे कलम जाऊ दे, मोठी मेणबत्ती लावू. हवा तो निकाल आला ६ सप्टेंबर २०१८ ला, गुरुवारी. शनिवारी आठ तारीख होती, माउलीचा सण. “दोन दिवसांत फेडला. उंचीला माझ्या खांद्याएवढी मेणबत्ती होती. लोकल ट्रेनमधून आणली होती, आडवी धरून.”

२०१३ च्या त्याच डिसेंबरात मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप, कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी जाहीरपणे म्हटलं होतं की कॅथलिक चर्चनं समलिंगी माणसांना कधी गुन्हेगार मानलेलं नाही. अनेक धर्मांचे पुढारी त्या निकालाचं स्वागत करत होते, तेव्हाचं हे वाक्य आहे. नर्सनं त्या बातमीचं कात्रण प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवलंय. चर्चची शिकवण त्यानं बदलली नाही. शिकवणीच्या ग्रंथात अजूनही समलिंगी संबंध अव्यवस्थितच ठरतात आणि त्याच पानावर अशा माणसांना आदरानं, करुणेनं वागवायलाही सांगितलेलं आहे. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत या दोघी गेली कित्येक वर्षं संसार करतायत. ती जागा अरुंद आहे, हे मी बाहेरून सहज लिहू शकते. त्यांना तिथं रोज स्वयंपाक करायचा असतो.

नगरचा मुलगा सगळ्यांच्या छत्र्या सांभाळत एका बाजूला उभा आहे. पंचविशीचा, बारीक, चष्म्याच्या काचांवर पावसाचे थेंब. त्याचं घराणं प्रोटेस्टंट, अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनचं. मेण, मूर्ती, नवस यातलं त्याला काहीच सवयीचं नाही. “तुला काही घ्यायचं नाही का?” ताई विचारते. तो मान हलवतो. “आमच्यात हे नसतं, ताई. आमच्यात गाणं असतं.” मग जरा वेळानं, मांडणीकडे बघत: “पण कुणी घेताना बघायला आवडतं.” याला मुंबईत येऊन एक समलिंगी मित्रमंडळ मिळालं, तिथं तो बायबल वाचतो म्हणून त्याच्याकडे संशयानं बघतात. आणि चर्चमध्ये तो दुसऱ्या कारणासाठी गप्प बसतो. ही दुहेरी चोरी मी आज अनेकांच्या तोंडून ऐकते. एका घोळक्यात देवाचं नाव काढायचं नाही, दुसऱ्यात प्रेमाचं.

वर, चर्चच्या दाराशी काका थांबलेत. पांढरा शर्ट, इस्त्री केलेली पँट, हातात काठी. सत्तरी ओलांडलेले ईस्ट इंडियन गृहस्थ, याच भागातले. उमेदीची सगळी वर्षं गोदीत कारकुनी केली आणि रविवारी आपल्या धर्मग्रामाच्या गायनवृंदात गायले. आम्ही रांगेला लागतो.

आतला उजेड मेणबत्त्यांचा आणि दिव्यांचा मिळून पिवळा आहे. मराठी मिस्सा नुकतीच संपली आहे, कोकणी सुरू व्हायची आहे. मधल्या वेळात रांग भराभर पुढे जाते. वेदीवर माउली, कडेवर बाळ. कथा अशी सांगतात की १७०० साली समुद्रमार्गे आलेल्या अरबांनी सोन्याच्या आशेनं मूर्तीचा उजवा हात तोडला. पुढे ती नाहीशी झाली आणि एका कोळ्याला ती समुद्रात सापडेल असं स्वप्न पडलं, आणि तशी ती सापडलीही. आता दिसते ती वास्तू १९०४ सालची. तुटलेल्या हाताची गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. मला ती माझ्या आईनं याच रांगेत सांगितली होती.

ताई बाळ ठेवते. दोन मेणबत्त्या स्वयंसेवकाच्या हातात देते. तिचे ओठ हलतायत, शब्द ऐकू येत नाहीत. मागची बाई ढकलते, “चला, चला”, आणि ताई अर्ध्या प्रार्थनेतच पुढे सरकते. उरलेली अर्धी ती बाहेर पायऱ्यांवर, चप्पल शोधता शोधता पुरी करते. शिक्षिका आणि नर्स घर दोघी मिळून ठेवतात. एकीचा हात खाली, दुसरीचा वर. कुणी बघत नाही. बघितलं तरी काय, दोन बायकांनी मिळून नवस ठेवला इतकंच.

काका काहीच ठेवत नाहीत. ते पाकिटातून एक चिठ्ठी काढून मला दाखवतात. आपल्या चर्चच्या कार्यालयात मिस्सा मांडल्याची पावती. मृताच्या आत्मशांतीसाठी मिस्सा मांडली की त्या दिवशी सुरुवातीला ते नाव मोठ्यानं वाचतात आणि सगळे जमलेले लोक त्या माणसासाठी प्रार्थना करतात. पावतीवर एका पुरुषाचं नाव आहे. खाली, ‘यांच्याकडून’ या शब्दापुढे: एक मित्र.

“एकतीस वर्षं,” काका म्हणतात. एवढंच आणि मग बराच वेळ काही नाही. रांग बाहेर पडते, आम्ही भिंतीच्या कडेला उभे राहतो, आणि ते बोलू लागतात. दोघं एकाच गायनवृंदात होते, ते टेनर आणि तो बेस. एकत्र कधी राहिले नाहीत. रविवारी मिस्सेनंतर त्याच्या घरी जेवण, बुधवारी इथं माउलीला. तो गेला तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत काकांना बोलावलं नव्हतं. गायनवृंदाच्या बाकावर उभं राहून त्यांनी त्याच्यासाठी गायलं. मुंबईच्या दफनभूमीत जागा कमी, काही वर्षांनी कबर उघडून दुसऱ्याला देतात. अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात न्यायच्या की नाही हे नातेवाईक ठरवतात. काका नातेवाईक नाहीत. त्यांनी एका सकाळी जाऊन पाहिलं तेव्हा त्या जागी दुसरंच नाव होतं.

“म्हणून ही पावती,” ते म्हणतात. “त्याच्या जन्मदिवसाला, मृत्यूच्या दिवसाला आणि नोव्हेंबरच्या दोन तारखेला. त्या दिवशी वेदीवरून त्याचं नाव वाचतात. भरलेल्या चर्चमध्ये. फादर वाचतात, आणि सगळी माणसं त्याच्यासाठी मान खाली घालतात. मी तिसऱ्या बाकावर असतो.”

त्यांनी ती पावती पुन्हा घडी करून पाकिटात ठेवली आहे आणि मला मात्र ती अजून दिसते आहे. कुठल्याही मोर्चाविना, कुठलाही नियम न मोडता, या माणसानं आपल्या प्रेमाला चर्चच्या मधोमध जागा करून दिली आहे. ‘एक मित्र’ हे दोन शब्द तिथं अपुरे आहेत. काकांना ते पूर्ण हवे आहेत का, असं मी विचारते. “मेल्यावर लिहा,” ते शांतपणे म्हणतात. “माझ्या नावानं मिस्सा मांडाल तेव्हा दोघांची नावं एकत्र वाचायला सांगा.” शिक्षिका ते लगेच फोनमध्ये टिपून घेते.

संध्याकाळी आम्ही चिंबईकडे उतरणाऱ्या गल्लीत काकांच्या घरी आहोत. पहिला मजला, लाकडी जिना, जिन्यात सुक्या बोंबलांचा वास. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, खाली लहानसा दिवा. बसायला दोन खुर्च्या आणि बाकी चटया. आणखी काही जण आलेत: दोन मुलं मालवणीहून, एक वकील बाई, आणि साध्या सुती साडीतल्या एक वयस्क सिस्टर. सिस्टरांनी अनेक वर्षं एचआयव्ही झालेल्यांची सेवा केली आहे. “त्या काळात आपल्याच घरच्यांनी सोडलेली मुलं माझ्या हातावर गेली,” त्या सांगतात. “त्यांनी मला कुमसारात पापांची कबुली द्यावी तसं सगळं सांगितलं. त्यानंतर मला या विषयावर कुणी वेगळं शिकवायची गरज उरली नाही.” कोचीत २०१६ च्या अखेरीस ट्रान्स माणसांसाठी निवासी शाळा सुरू झाली तेव्हा इतरांनी नाकारलेली जागा कार्मेलाइट सिस्टरांनी दिली होती, ते सांगताना त्यांचा आवाज चढतो.

शिक्षिका फोनवर रोमची चित्रफीत लावते. आठवड्यापूर्वी, ६ सप्टेंबरला, पवित्र वर्षाच्या यात्रेत हजाराहून अधिक एलजीबीटी यात्रेकरू आणि त्यांचे आईवडील इंद्रधनुषी क्रूस धरून संत पेत्राच्या महामंदिराच्या पवित्र दारातून आत गेले. इटलीच्या बिशप परिषदेचे उपाध्यक्ष फ्रान्चेस्को साविनो यांनी त्यांच्यासाठी जेझू चर्चमध्ये मिस्सा केली. “त्या दिवशी आपल्याकडे अनंत चतुर्दशी,” मालवणीचा एक मुलगा म्हणतो. “मी रस्त्यात अडकलो होतो, ढोलाच्या आवाजात हे बघत होतो.” चित्रफीत पुन्हा लावली जाते. सगळे क्रूस धरणाऱ्यांना न बघता आईवडिलांना बघतायत. पांढऱ्या केसांची एक बाई मुलाच्या दंडाला धरून चालते आहे, तिथं कुणीतरी चित्र थांबवतं.

नगरचा मुलगा पेटी उघडतो. आता तो वेगळाच दिसतो. पाठ ताठ, बोटं मोकळी. रेव्हरंड टिळकांची भजनं त्याला आजीनं शिकवली. काकांना ही चाल अनोळखी आहे. ते सुरुवातीला डोळे मिटून ऐकतात, मग खालचा सूर शोधून त्याला जोडतात; लॅटिन आणि इंग्रजी स्तोत्रांवर पोसलेला तो गळा अभंगाच्या चालीत थोडा अडखळतो आणि मग वाट काढतो. गाणं संपल्यावर मुलगा टिळकांविषयी बोलतो. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, घरदार दुरावलं, पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. शेवटच्या काळात, १९१७ मध्ये, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला तो मिशनच्या चौकटीबाहेर, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. “माझी आई अजून माझ्याशी बोलत नाही,” तो म्हणतो. “पण लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ तिनंच मला दिलं होतं, बारावीत. लक्ष्मीबाईंना वेळ लागला. आईलाही लागेल.” ज्या पोरानं सकाळपासून छत्र्या धरण्यापलीकडे काही केलं नाही, त्याचा हा धीर बघून मला बोलता येत नाही.

मग वाचन. इथं नेहमी तीन उतारे एकामागून एक वाचतात असं दिसतं, कारण पानांवर खुणा तयार आहेत. पहिला ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायातला: ज्याचं पुरुषत्व छेदलं गेलं आहे त्याला प्रभूच्या मंडळीत प्रवेश नाही. वकील बाई तो वाचतात, कोर्टात प्रतिपक्षाचं म्हणणं वाचावं तशा, स्वच्छ आणि पूर्ण. कुणी तो गाळून पुढे जात नाही. दुसरा यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायातला, शतकांनंतरचा: त्याच माणसांना देव आपल्या घरात, आपल्या भिंतींच्या आत जागा आणि नाव द्यायचं कबूल करतो, आणि ते नाव मुला-मुलींहून श्रेष्ठ असेल असंही म्हणतो. तिसरा उतारा ताई वाचते, प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. यरुशलेमहून परतणारा इथिओपियाच्या राणीचा खजिनदार, षंढ, रथात बसून यशयाचंच पुस्तक वाचतोय. फिलिप धावत जाऊन त्याच्या शेजारी बसतो. वाटेत पाणी दिसतं आणि तो विचारतो, माझ्या बाप्तिस्म्याला आता अडचण काय? फिलिप अडचण सांगत नाही. दोघं पाण्यात उतरतात.

ताई पुस्तक मिटत नाही. नर्स म्हणते, “तो त्रेपन्नावा अध्याय वाचत होता. म्हणजे आणखी तीन अध्याय पुढे गेला की त्याच्यासाठी लिहिलेलंच पान.”

“गेला असेल,” सिस्टर म्हणतात. “लांबचा प्रवास होता.”

“पण मंदिरात त्याला कुठवर जाऊ दिलं असेल?” मालवणीचा मुलगा विचारतो, आणि यावर खूप वेळ वाद होतो. वकील बाईंचं म्हणणं, अंगणातूनच परत फिरवलं असणार, नियम सरळ आहे. काकांना ते पटत नाही. इतक्या लांबून आलेल्याला कुणीतरी आत घेतलंच असेल. नगरचा मुलगा म्हणतो, “घेतलं नसेल. तरी येताना पुस्तक विकत घेऊन आला. मला तेच महत्त्वाचं वाटतं.” मी आजवर बायबलवर कितीतरी प्रवचनं ऐकली आहेत, पण एखाद्या उताऱ्याची इतकी गरज असलेली माणसं तो उतारा वाचताना मी प्रथमच बघते आहे. प्रत्येक जण त्या रथात स्वतः बसून बोलतो आहे.

ताईचा प्रश्न व्यवहाराचा आहे आणि तो आता सगळ्यांसमोर येतो. बहिणीला तीच धर्ममाता हवी आहे. बाळ सात महिन्यांचं. धर्मगुरू अजून हो म्हणालेले नाहीत, नाहीही म्हणालेले नाहीत. वकील बाई पिशवीतून कागद काढतात. २०२३ मध्ये ब्राझीलमधल्या एका बिशपांच्या प्रश्नांना रोमच्या धर्मसिद्धांत विभागानं दिलेलं आणि पोप फ्रान्सिस यांनी मंजूर केलेलं उत्तर: ट्रान्स व्यक्तीला बाप्तिस्मा घेता येतो, काही अटींवर धर्मपिता किंवा धर्ममाताही होता येतं. मात्र हा हक्क नव्हे. श्रद्धावंतांत गोंधळ होणार असेल तर धर्मगुरूंनी विवेक राखून परवानगी देऊ नये. “गोंधळ म्हणजे काय?” ताई विचारते. “मी त्या बाळाला दर शनिवारी तेल लावते. तिला माझ्या मांडीवर झोप लागते. कुणाचा गोंधळ?”

“हे असंच फादरांना सांग,” सिस्टर म्हणतात. “कागद नंतर. आधी तेल आणि मांडी.”

“आणि रोज संध्याकाळी जपमाळ कोण म्हणतं त्या घरात?”

“मीच. बहीण तोवर भाकऱ्या करते.”

“मग धर्ममातेचं काम दुसरं काय असतं?” सिस्टर आता खुर्चीतून पुढे झुकल्या आहेत. “मूल श्रद्धेत वाढवायचं. तू ते करतेच आहेस. आपण त्यांना एवढंच सांगायचं की जे चालू आहे ते वहीत लिहा.”

प्रार्थना त्यानंतर होते. एकेक जण मोठ्यानं मागतो: आईच्या गुडघ्यासाठी, नालासोपाऱ्याच्या खोलीसाठी, वडिलांनी मारून घराबाहेर काढलेल्या एका ओळखीच्या मुलासाठी आणि त्या वडिलांसाठीही. त्या शेवटच्या दोन शब्दांशी मालवणीचा मुलगा अडखळतो, थांबतो, पण म्हणतो. काका आपल्या मित्राचं पूर्ण नाव घेतात. इथं सगळ्यांना ते नाव पाठ आहे, सगळे ते परत म्हणतात.

नर्सची रात्रपाळी आहे. ती उभ्या उभ्याच चहा पिऊन निघायला लागते तेवढ्यात ताईचा फोन वाजतो. बहीण. ताई तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावते. फादरांनी बुधवारी साडेसहाला भेटायला बोलावलंय, दोघींनाही, बाळाला घेऊन. काय म्हणाले? काही नाही म्हणाले, फक्त या म्हणाले. पलीकडे बाळ रडतंय, इकडे एकदम सगळे बोलू लागतात. सिस्टर म्हणतात मी येते, फादर माझ्या धाकट्या भावाच्या वर्गात होते. वकील बाई म्हणतात मी बाहेर थांबेन, लागलं तरच आत येईन. काका कपाट उघडून चांदीचा छोटा क्रूस शोधतायत, बाळाच्या गळ्यात घालायला. नर्स जिन्याच्या तोंडाशी वळते.

“ताई, साडी कुठली नेसशील?”

“पांढरी नको ना? ती बाप्तिस्म्याच्या दिवशी.”

“मग हीच नेस. मोरपंखी. आणि मला नऊ वाजता फोन कर, मी वॉर्डात असले तरी घेईन.”